साखर शून्य, तरी शुगर वाढली

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांचं गोड पूर्ण बंद, चहा बिनसाखरेचा, भात अर्ध्यावर आणलाय, चहासोबत काय ती 'नो अ‍ॅडेड शुगर'वाली नाचणीची बिस्किटं; आणि तरी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट (एचबीए१सी) ७.४ वरून ८.३ वर गेला. आता तुम्ही विचारताय, यापेक्षा चांगली बिस्किटं कुठल्या कंपनीची? हाच प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी आमच्या मेडिकलवाल्याला विचारला होता. त्याने आणखी महागाचा पुडा काढून दिला.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन कुडाळजवळ गावी असतो. गोळ्यांचं काय ते डॉक्टरांनाच विचारा, माझं ऐकून एकही गोळी कमी-जास्त करू नका. फरसाण सोडा, कोल्ड्रिंक सोडा, पाकीट उलटून वाचा, हे सांगत बसत नाही. ते तुम्ही करताच आहात. मीही करत होतो. गोची तिथेच झाली.

मी पाकीट उलटायचो आणि एकच ओळ बघायचो. शुगर. तिथे शून्य दिसलं की संपलं. तिच्या वरच 'कार्बोहायड्रेट ७१ ग्रॅम' लिहिलेलं असायचं, पण तो शब्द मला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला वाटायचा, आपला काय संबंध त्याच्याशी. मग सकाळी चार, दुपारी चार. पाऊस असला की सहा. साखर नाही ना त्यात, मग मोजायचं कशाला? आयुष्यभर चिल्लर मोजली, बिस्किटं मोजली नाहीत.

आई तेव्हा होती. माजघरात बसून बघायची. एकदा म्हणाली, "साखर नाय म्हणतस, मगे गोड कित्याक लागता रे?" मी तिलाच दहा मिनिटं समजावलं, की आये, हे डायबेटिसवाल्यांसाठी वेगळं बनवतात. चार बुकं शिकलेला मी आणि सही न येणारी ती. जाऊ दे.

रिपोर्ट वाढल्यावर डॉक्टरांनी दिवसभरात काय काय खाता ते लिहून आणायला सांगितलं. लिहिताना 'बिस्किटं थोडी' असं लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या वाण्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर आठ बिस्किटं ठेवली. ६२ ग्रॅम. शंभराला ७१, म्हणजे ४४ ग्रॅम कार्बोहायड्रेट. वाण्याला म्हटलं, आता गव्हाचं पीठ तेवढंच घाल. तेवढ्या पिठाच्या आमच्याकडे दोन पोळ्या होतात, आणि कार्बोहायड्रेटही जवळपास तेवढंच भरतं. म्हणजे जेवणातली एक पोळी कमी करून मी चहाबरोबर दोन खात होतो. त्याही मैद्याच्या, वर पाम तेल.

मैदा म्हणजे 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर'. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे जास्त ते आधी. माझ्या पुड्यावर आधी मैदा, मग तेल, मग माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीला घालतात ते, आणि चौथ्या नंबरला नाचणीचं पीठ, ९ टक्के. समोर मात्र नाचणीची कणसं, शेतकरी आणि हिरवागार डोंगर. यादीत नाचणीनंतर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. ते चवीला फारसं गोड नसतं, तक्त्यात साखर म्हणून मोजलंही जात नाही, पण पोटात गेल्यावर पटकन ग्लुकोज होतं. माल्टिटॉलनेही साखरेपेक्षा कमी का होईना, शुगर वाढतेच. शिवाय पोट बिघडतं. तसा इशारा पुड्यावर असतो, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. माझे दोन महिने त्या भानगडीत गेले आणि मी शेजारच्या बोअरिंगच्या पाण्याला शिव्या देत होतो.

तेव्हा 'साखर नाही' हे खोटं नव्हतंच, पण ते अर्धंच सांगणं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही म्हटलंय की शुगर फ्री पदार्थांत मैदा, चरबी आणि लपलेली साखर भरपूर असू शकते. मला हे वाण्याच्या काट्यावर कळलं, तुम्ही निदान वाचून शिका.

आणखी एक. तक्त्यात 'प्रति सर्व्हिंग'चा रकाना असतो तो बघूच नका. त्यांचं सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मी तरी कोकणात पाहिलेला नाही. शंभर ग्रॅमचा रकाना बघा आणि आपण किती खातो ते घरी वजन करा.

मी तक्रारही करायला गेलो होतो. कुठल्या कार्यालयात ते सोडा. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पुडा फोडलेला आहे, पक्कं बिल नाही, उद्या या. तिसऱ्या खेपेला पुडा हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "९ टक्के छापलंय ना? मग फसवलं कुठे?" नियमाच्या भाषेत ते बरोबर असतीलही. पण तीन खेपांत एकदाही बस म्हटलं नाही, आणि टेबलावर त्याच जातीचा पुडा, अर्धा संपलेला! असो. तुम्हाला तक्रार करायचीच असेल तर बिल ठेवा, एक न फोडलेला पुडा ठेवा, बॅच नंबर आणि १४ आकडी परवाना नंबर दिसेल असे फोटो काढा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' नावाचं सरकारी अ‍ॅपही आहे. पण त्याच्या भरवशावर बसून वडिलांची चार वाजताची बिस्किटं तशीच चालू ठेवू नका.

कंपनी कुठली, याला माझं उत्तर: कुठलीच नाही. हे माझं मत, पटलं तर घ्या. मी आता चहाबरोबर मूठभर भाजलेले चणे खातो. सकाळी नाचणीची आंबोळी, एक, आणि सोबत उसळ. रात्री कुळथाची पिठी आणि एकच भाकरी. तारली मासळी स्वस्त असली की कालवण, तळायची नाही. पुढचा रिपोर्ट ७.१ आला, पण तेव्हा मी रोज चालायलाही लागलो होतो, त्यामुळे सगळं श्रेय चण्यांना देत नाही.

गावचं म्हणून डोळे झाकून घेऊ नका, हेही सांगतो. नाचणीचं सत्त्व म्हणजे नाचणी नव्हे; वाटून फडक्यातून गाळतात, कोंडा जातो. वर विकतच्या डब्यात बरेचदा साखर पहिल्या नंबरला असते. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाकच. आपल्या बचत गटाच्या बायका मेहनतीने बनवतात, पण शुगरवाल्याने ते पाहुण्यांना द्यावं. आणि वडिलांना बीपी असेल तर कोकमाचं आगळ जपून, ते टिकवायला मीठ ढीगभर घालतात. सोलकढी करायचीच तर बिनमिठाची आमसुलं भिजत घाला.

शेवटचं, वडिलांना किती बिस्किटं खाता असं विचारू नका. मीही 'दोनच' सांगायचो. कचऱ्याच्या डब्यातले रिकामे पुडे मोजा.