चौथ्या जागेवर गेलेला फ्लॅग

तुम्ही विचारलंय की पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत (सोबत येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचात) एकाच कामाच्या पॅरामीटरला, म्हणजे फंक्शनला माहिती घेण्यासाठी असलेल्या जागेला, ठिकठिकाणी वेगळं नाव का, आणि आर्ग्युमेंट, म्हणजे त्या जागी दिलेली किंमत, नावानिशी द्यावं की नुसतं क्रमाने. वाचलं आणि दोन वर्षांपूर्वीचा चवथीआधीचा आठवडा आठवला.

पणजीतल्या एका कार्यालयाची पत्त्यांची यादी सुधारून द्यायची होती. रोमन लिपीत कुठे ‘पंजिम’, कुठे तेच सगळं कॅपिटलमध्ये. सगळीकडे ‘पणजी’ करायचं. मी अख्खी फाईल एकाच स्ट्रिंगमध्ये वाचली आणि री.सब या मजकुरातले शब्द बदलणाऱ्या फंक्शनला पॅटर्न (काय शोधायचं ते), नवा शब्द, मजकूर आणि चौथं म्हणून री.इग्नोरकेस, म्हणजे लहान-मोठी अक्षरं सारखीच मानायला सांगणारा फ्लॅग, दिलं. चौथी जागा फ्लॅग्जची नाही, काउंटची आहे, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळा बदलायचं त्या आकड्याची. फ्लॅग्ज पाचवा. इग्नोरकेसची किंमत 2, म्हणून पायथॉनने निमूटपणे पहिले दोन ‘पंजिम’ बदलले आणि थांबला. ना एरर, ना काही. माझ्या चाचणीच्या फाईलमध्ये ‘पंजिम’ दोनदाच होतं! तिथल्या कारकुनांनीही वरच्या चार ओळी बघून सही केली. पाकिटांवरची लेबलं छापून झाल्यावर कळलं.

चूक माझी, ती मी लगेच मान्य केली. पण मूळ यादी परत मागितली तर ‘साहेब रजेवर, सोमवारी या’. तीन सोमवार गेलो. शेवटी कळलं, त्यांनी मूळ फाईलवरच माझी फाईल चढवली होती. एक प्रत जपून ठेवायला काय लागतं? अजून राग येतो.

तेव्हापासून माझं ठाम मत: ऐच्छिक आर्ग्युमेंट कधीही नुसत्या क्रमाने देऊ नये. पायथॉन 3.13 पासून री.सब मध्ये काउंट आणि फ्लॅग्ज असे क्रमाने दिले तर ते कालबाह्य असल्याचा इशारा मिळतो. मला तो फार उशिरा आला. उलट स्ट्रिंगच्या रिप्लेसमध्ये काउंट नावाने देताच येत नसे, तेही 3.13 मध्येच सुटलं. नावांचा हा गोंधळ जुनाच: नव्या मजकुराला रिप्लेसमध्ये ‘न्यू’, सबमध्ये ‘रिप्ल’; फाईलला ओपनमध्ये ‘फाईल’, जेसन.लोडमध्ये ‘एफपी’. आता बदलणं सोपं नाही, कारण लोकांनी नावाने हाक मारलेला पॅरामीटर बदलला की त्यांचा कोड मोडतो. पायथॉन 3.8 मध्ये पॅरामीटरांच्या यादीत लिहिता येऊ लागलेलं तिरक्या रेघेचं चिन्ह (/) त्यासाठीच कामाचं: त्याच्या आधीची नावं बाहेरून वापरताच येत नाहीत, म्हणून ती पुढे निर्धास्त बदलता येतात.

स्वतःच्या फंक्शनमध्ये मी सॉर्टेड या क्रम लावणाऱ्या फंक्शनचा कित्ता गिरवतो. तिथे ‘की’ आणि ‘रिव्हर्स’ यादीतल्या ताऱ्यानंतर (*) येतात, म्हणजे नावाशिवाय देताच येत नाहीत. हे पायथॉनपुरतंच बोलतोय; जावात नावाने आर्ग्युमेंट देण्याची सोयच नाही, तिथे हा सल्ला चालणार नाही.

आणि हो, पॅरामीटरचं नाव ‘क्लास’ हवं असेल (तो पायथॉनचा राखीव शब्द आहे) तर स्पेलिंग मोडू नका, शेवटी एक अंडरस्कोर लावा. पायथॉनची लेखनशैली ठरवणारं पेप 8 हेच सांगतं.