प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन करताय? पिस्टन आधी घेऊ नका

भाऊ, नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे इंजिन खोलायच्या आधीच पिस्टन-रिंगचा सेट मागवणं. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिमी, पण ब्लॉक आधी कधी बोअर करून मोठा केला असेल तर तो सेट वाया. ब्लॉक आणि क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा) अमरावतीला नाहीतर नागपूरला बोअरिंगवाल्याकडे न्या, मापं कागदावर लिहून घ्या. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, पिस्टन हाती आला की मगच बोअर करायला सांगा. क्रँक ग्राइंड करून बारीक केला तर बेअरिंगही त्याच बारीक मापाची, म्हणजे अंडरसाइज, लागतील.

जुना पार्ट फेकू नका, दुकानात दाखवायला तोच नमुना. हेड गॅस्केट ब्लॉकवर ठेवून पाण्याची भोकं जुळतात का बघा. ऑइल सील वर्षानुवर्षं पडून असलेलं नकोच: नखानं दाबा, रबर दबलं नाही तर ते गळणारच. एवढं नक्की जमेल तुम्हाला.