८ वॅटच्या ३००बी अ‍ॅम्प्लिफायरला कोणते स्पीकर जुळतील?

तुमचा प्रश्न असा: खोली १२ बाय १५ फुटांची, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि तबला, हाताशी ८६ डेसिबल आणि ४ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर, आणि डोळा ३००बी या ट्यूबच्या सिंगल-एंडेड (एकच ट्यूब पूर्ण लहर वाढवते अशा) अ‍ॅम्प्लिफायरवर. हेच स्पीकर चालतील का, नाहीतर कोणते घ्यावेत?

हे नाही चालणार. आणि अ‍ॅम्प्लिफायरची ऑर्डर दिली नसेल तर थांबा, आधी स्पीकर ठरवा.

८६ हा स्पीकरच्या कार्यक्षमतेचा आकडा, म्हणजे एक मीटरवर मिळणारा आवाज, बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात. म्हणजे तुमचे स्पीकर एका वॅटला खरे ८३ डेसिबलच देतात. ८ वॅटचे ९ डेसिबल मिळवा, दोन स्पीकर एकत्र वाजतात त्याचे ३ मिळवा, नऊ-दहा फुटांवर बसणार म्हणून बंद खोलीत साधारण ६ वजा करा. हाती उरले ८९. निवांत ऐकताना सरासरी पातळी ७५ धरली तरी चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप तिच्या १५ ते २० डेसिबल वर जाते. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सतत काठावर. सिंगल-एंडेड ट्यूब कडकन फाटत नाही, हळूहळू दबते. त्यामुळे बिघाड कळत नाही, फक्त डग्गा मऊ आणि सगळा आवाज कोंदट वाटतो, आणि लोक त्यालाच ‘ट्यूबचा गोडवा’ म्हणतात.

हाच हिशोब ९५ डेसिबल, ८ ओहमच्या स्पीकरला लावला तर खुर्चीपाशी १०१ मिळतात. तुमच्या खोलीला ९५ ही मी खालची मर्यादा मानेन.

पण डेसिबल हा अर्धाच भाग. फीडबॅक (आउटपुटचा अंश इनपुटला परत देऊन चूक सुधारणं) नसलेल्या ३००बीचा प्लेट रेझिस्टन्स, म्हणजे ट्यूबचा आतला रोध, सुमारे ७०० ओहम असतो. ट्यूबला स्पीकरशी जुळवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ३,५०० ओहमला ८ असा असेल तर स्पीकरच्या बाजूला तो १.६ ओहम दिसतो. गुंडाळ्यांचा रोध धरला की दोन ते अडीच. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा आकडा नगण्य असतो. आता एखादा स्पीकर कुठे ४ ओहमवर उतरत असेल आणि कुठे ३० वर चढत असेल, तर अडीच ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर त्या दोन ठिकाणच्या पातळीत साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. जिथे इम्पीडन्सचा (सुरागणिक बदलणाऱ्या या ओहमचा) डोंगर, तिथे आवाज फुगतो, आणि हा डोंगर बहुधा बासमध्ये आणि क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटणाऱ्या सर्किटच्या) जागी असतो. म्हणून माहितीपत्रकावरच्या ‘८ ओहम’वर न थांबता इम्पीडन्सचा आलेख मागा. सपाट आणि ६ ओहमच्या खाली न जाणारा हवा. ९७ डेसिबलचा पण ३ ओहमला टेकणारा थ्री-वे (सूर तीन ड्रायव्हरांत वाटणारा) स्पीकर मी ३००बीला जोडणार नाही.

आलेख मिळाला नाही तर एक स्वस्त चाचणी आहे. स्पीकर तुमच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर लावा आणि प्रत्येक स्पीकरच्या लाल वायरमध्ये २.२ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाका. काही रुपयांत मिळतो. आवाज बेताचाच ठेवा, रेझिस्टर तापतो. बास ढबढबीत झाला किंवा गायकाचा आवाज बदलला, तर ट्यूबवर साधारण तेच होणार.

आता पर्याय. मोठा वूफर (बासचा ड्रायव्हर) आणि वर हॉर्न (भोंगा), ही जुनी सिनेमागृहातली वाट अजूनही सर्वात बिनधोक आहे. क्लिप्शचा हेरेसी १९५७ पासून याच घडणीचा: १२ इंची वूफर, मध्यम आणि उंच सुरांना भोंगे, खोका जेमतेम दोन फूट उंच. बास ५० हर्ट्झच्या आसपास संपतो. छोटा खोका, खोल बास आणि जास्त कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच मिळतात, तिसरं सोडावंच लागतं. तबला-तानपुऱ्याला ५० हर्ट्झ पुरतात, पाइप ऑर्गनला नाही. कंपन्यांच्या आकड्यांतून मात्र मनातल्या मनात तीनेक डेसिबल वजा करा, काही जण खोलीच्या भिंतींचा फायदाही त्यात धरतात.

सगळे सूर एकटाच वाजवणारा आठ इंची फुल-रेंज ड्रायव्हर मागे हॉर्न असलेल्या खोक्यात, हा दुसरा पंथ. क्रॉसओव्हर नाही, त्यामुळे मानवी आवाज फार जिवंत लागतो. पण कागदावरचे ९६ डेसिबल वरच्या सुरांपुरते असतात, खाली आवाज घसरतो आणि २ ते ४ किलोहर्ट्झला उठाव असतो. तारसप्तकात गायक अंगावर येतो. तो उठाव सर्किटने दाबायला गेलात की कार्यक्षमताही गेली. सतार ऐकणाऱ्याला मी हा सुचवेन, तुम्हाला नाही.

तिसरी वाट स्वतः बांधण्याची, आणि पैशांच्या मानाने मला हीच आवडते: १२ इंची पीए (सभा-कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेचा) वूफर, ९६ डेसिबलचा, आणि हॉर्नवर कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नसाठीचा ट्वीटर). हा ड्रायव्हर १०६ डेसिबलच्या आसपास असतो, म्हणून त्याला १० डेसिबल दाबावं लागतं: क्रॉसओव्हरनंतर ५.६ ओहम सिरीजमध्ये, मग ड्रायव्हरला समांतर ३.९ ओहम, दोन्ही १० वॅटचे. याने इम्पीडन्सही ८ ओहमजवळ सपाट राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायरची खसखसही ट्वीटरमध्ये कमी होते. खोका उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा छोटा करू नका. अडीच ओहमच्या स्रोतामुळे वूफरचा क्यू (अनुनादाची तीव्रता) आधीच वाढलेला असतो, छोट्या खोक्यात तो आणखी चढतो आणि बास गुंजतो.

अ‍ॅम्प्लिफायर आल्यावर इनपुट शॉर्ट करून (सिग्नल आणि ग्राउंड एकमेकांना जोडून), स्पीकर जोडून, मल्टीमीटरच्या एसी मिलिव्होल्टवर स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. १ मिलिव्होल्टच्या आत हवं, कारण ९८-१०० डेसिबलच्या स्पीकरवर त्याहून जास्त झालं की रात्री गुणगुण ऐकू येते. फिलामेंट (ट्यूब तापवणारी तार) एसीवर असेल तर हमपॉट (गुणगुण कमी करायची खुंटी) फिरवून किमान बिंदू शोधा. ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवरही (ट्रान्सफॉर्मरच्या ४ ओहमसाठीच्या जोडणीवर) लावून पाहा: वॅट कमी होतात, पण बास आवळतो, आणि कार्यक्षम स्पीकरला तो सौदा बऱ्याचदा परवडतो. चालू अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकर वायर मात्र कधीच काढू नका, भार नसताना ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडू शकते.

परदेशी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रायमरीवर (पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या विजेच्या बाजूवर) २२० व्होल्ट लिहिलंय की २४०, ते बघा. आपल्याकडे २४० आले तर २२०च्या यंत्रात ५ व्होल्टच्या फिलामेंटला जवळजवळ ५.४५ मिळतात आणि ट्यूबचं आयुष्य घटतं.

आणि जुने स्पीकर सोडवतच नसतील, तर ३००बीचा नाद सोडून ४० वॅटचा ईएल३४ ट्यूबचा पुश-पुल (ट्यूबची जोडी लहर वाटून घेते असा) घ्या, फीडबॅक असलेला, ४ ओहमच्या टॅपवर. त्याच हिशोबाने खुर्चीपाशी ९६ मिळतील.