वरकस माळाला खत द्यावं का? वाचकांचे प्रश्न

मुरबाड तालुक्यात आमची तीन एकर वरकस (हलकी, गवताची माळरानाची) जमीन आहे. गवत वखारीला (गवताच्या व्यापाऱ्याला) विकतो. युरिया टाकून उतारा वाढवावा का?

उतारा वाढेल, पण हिशेब मजुरीपासून सुरू करा. गवत वाढलं की कापणी, भारे, वाहतूक सगळंच वाढतं आणि वखारवाला पैसे मोजणार वजनावर. शिवाय आपल्याकडच्या पावसात उताराच्या जमिनीवरचा बराचसा युरिया ओहोळाला जातो. उरलेला उंच, राठ गवतं खातात. त्यांच्या सावलीत शेंगवर्गीय रोपटी मरतात, म्हणजे फुकटात नत्र देणारीच जातात.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला 1856 पासून एकाच कुरणावर खतांचा प्रयोग सुरू आहे. बिनखताच्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास वनस्पती टिकल्या. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालेल्या, चुना न घातलेल्या तुकड्यांत दोन-तीनच. चारा खताच्या तुकड्यांत जास्त निघतो, हेही खरंच.

म्हणून मी जोर एका जागी लावायला सांगतो. बारमाही पाणी असेल तर घराजवळ चार-पाच गुंठे नेपियर (चाऱ्याचं उंच गवत) लावा, शेणखत-युरिया तिथेच द्या, वर्षात सहा-आठ कापण्या घ्या. माळ मात्र बिनखताचा, एकाच कापणीचा राहू द्या. तिथे खर्चच नाही, तर थोडं गवतही परवडतं.

उन्हाळ्यात माळ जाळला की कोवळं गवत येतं, असं आमच्याकडे (शहापूर) म्हणतात. कुसळीचाही (टोचऱ्या कुसळांच्या गवताचाही) त्रास आहे.

कोंब येतात, पण जाळलेल्या गवतातला नत्र धुरात जातो आणि उघडी माती पहिल्याच सरीत वाहते. कुसळीवर उपाय कापणीच्या वेळेचा: पाऊस उघडताच, कुसळं पिकण्याआधी विळा लावा. उशिराचं गवत राठ आणि निकस.

तेवढं जमलं नाही, तर वाळल्या 100 किलो गवताला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, दाबून 21 दिवस हवाबंद झाकून ठेवा. गोणीतला युरिया इथे माळापेक्षा जास्त कामाला येतो! सहा महिन्यांखालच्या वासरांना मात्र देऊ नका.

राहतो नेरूळला. वडिलोपार्जित माळावर निसर्गासाठी चराई पूर्ण बंद केली. बरोबर ना?

पूर्ण बंदी नको. वाळलं गवत साचून वणव्याला सरपण होतं, बुटक्या रानफुलांना ऊन मिळत नाही, घाणेरी पसरते. चार तुकडे करून दरवर्षी पाळीपाळीने एकाला चराई-कापणीपासून विश्रांती द्या, कारण टिटवी, चंडोलांची घरटी जमिनीवरच असतात. बाकीचं गवत शेजाऱ्यांना फुकट कापू द्या. कडेचा पट्टा आधी कापायला सांगा, जाळपट्ट्याचा (वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याचा) खर्च वाचेल.