दवाखान्याचं बिल म्हणजे नुकसानभरपाई नव्हे

आधी एक तातडीची गोष्ट. ट्रकच्या विमा कंपनीकडून आलेल्या माणसाच्या कागदावर दादांनी अजून सही केली नसेल, तर ती होऊ देऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: एसटी आणि ट्रकची धडक झाली. दादांच्या मांडीचं हाड मोडलं, वहिनींचा उजवा हात कोपरात पूर्ण वाकत नाही, दहा वर्षांच्या पुतणीच्या डोक्याला मार बसला आणि आईंच्या बरगड्या दुखावल्या. दवाखान्याचा खर्च आणि वर थोडे पैसे घेऊन चौघांचं एकदम मिटवून टाका, असं तो माणूस म्हणतोय. कोर्टाचे हेलपाटे घालण्यापेक्षा हे बरं नाही का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर स्पष्टपणे "नाही" असं आहे. मी बरीच वर्षं जखमींच्या बाजूने या दाव्यांचं काम करतोय आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, की कुटुंब जखमी झालं तरी दावा फक्त कमावत्या माणसाचा विचार करून होतो. कायद्याच्या नजरेत मात्र हे चार जखमी आहेत आणि चार स्वतंत्र दावे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली प्रत्येकाचा वेगळा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात तो करता येतो.

वहिनींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "ती घरीच असते, त्यामुळे तिचं उत्पन्नाचं नुकसान नाही". हे कृपया मनातून काढून टाका. गृहिणीच्या कामाचं मोल धरून तिचं मानीव उत्पन्न ठरवायचं आणि त्यात भविष्यातली वाढही मिळवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती प्रकरणात ठामपणे सांगितलंय. हिशेब कसा होतो ते दाखवतो. उदाहरणापुरतं उत्पन्न महिना १२,००० रुपये धरू, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. वय चाळिशीच्या आत असल्याने ४० टक्के वाढ मिळवली की २,०१,६०० होतात. हाताच्या अधूपणामुळे काम करण्याची क्षमता २५ टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाने मानलं, तर वर्षाचं नुकसान ५०,४००. वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. वय ३६ ते ४० मध्ये असेल तर गुणक १५, म्हणून ७,५६,००० रुपये. औषधोपचार, वेदना, घरकामासाठी ठेवावी लागलेली बाई, पुढची शस्त्रक्रिया हे सगळं त्याच्यावर वेगळं. गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला आहे आणि वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. आता त्या माणसाने वहिनींच्या नावापुढे किती रक्कम लिहिलीय, ती काढून बघा.

यात एक मुद्दा नीट लक्षात घ्या. डॉक्टर प्रमाणपत्रावर लिहितात ते शरीराचं अपंगत्व. न्यायाधिकरण बघतं ते त्या अपंगत्वामुळे कमाईची क्षमता किती गेली ते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालापासून हा फरक पक्का झालाय. दादांचा पाय आखूड झाला असेल आणि त्यांचं काम दिवसभर उभं राहण्याचं असेल, तर प्रमाणपत्रावरच्या १५ टक्क्यांपेक्षा प्रत्यक्ष नुकसान कितीतरी मोठं असू शकतं. पण ते आपोआप कुणी मान्य करत नाही. मालकाचं पत्र, बिनपगारी रजेची नोंद, आधीच्या पगाराचा पुरावा लागतो आणि शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्षसुद्धा.

पुतणीच्या बाबतीत अजिबात घाई नको. डोक्याच्या माराचे परिणाम मुलांमध्ये कधीकधी उशिरा दिसतात. अभ्यासात लक्ष न लागणं, चिडचिड, झोप, झटके यातलं काहीही दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. शाळेतून अपघाताआधीची आणि नंतरची प्रगतिपत्रकं आणि हजेरीचा दाखला घेऊन ठेवा. काजल प्रकरणात (२०२०) बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिचं उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं धरलं आणि आयुष्यभराच्या सोबतिणींचा खर्चही गुणकाने मोजला. तुमच्या पुतणीचं तसं काही न होवो, पण तिची प्रकृती स्थिर झाल्याचं डॉक्टरांनी लिहून देण्याआधी तिच्या नावाने तडजोड करणं मला अन्यायाचं वाटतं. तिचा दावा पालकांमार्फत होतो आणि मिळालेली रक्कम सहसा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवीत राहते.

मुदतीचं मात्र कडक पाळा. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका. उपचार चालू असतानाही अर्ज दाखल करता येतो. पुढची बिलं आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र नंतर पुराव्यात देता येतं. शिवाय व्याज लवकरात लवकर धरलं तरी अर्जाच्या तारखेपासून धरलं जातं, म्हणून उशिरात तुमचंच नुकसान आहे.

गुन्हा फक्त ट्रकचालकावर दाखल झालाय, मग एसटीला सामील करावं का, हेही तुम्ही विचारलंय. करा. दोन वाहनांच्या धडकेत आतल्या प्रवाशाचा दोष नसतो. दोन्ही चालकांची चूक निघाली, तर प्रवासी दोघांकडून किंवा कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो (खेन्येई प्रकरण, २०१५). आपापसात वाटणी त्यांनी बघावी. ट्रकचा मालक, त्याची विमा कंपनी आणि एसटी महामंडळ असे सगळे प्रतिवादी असू द्या.

पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, याची तपासी अंमलदाराकडे चौकशी करा. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि चौघांची इजा प्रमाणपत्रं मागून घ्या आणि एफआयआरमध्ये चौघांचीही नावं आहेत ना, ते तपासा. बरगड्यांच्या दुखापतीकडे दुर्लक्ष होऊन म्हाताऱ्या माणसाचं नाव राहून गेलेलं मी पाहिलंय.

तिकीट हरवलं म्हणून काळजी करू नका. न्यायाधिकरणातल्या दाव्यात पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद पुरेसे बोलतात, केसपेपरवर "एसटी बस अपघात" अशी नोंद मात्र हवी. एसटी २०१६ पासून तिकिटामागे १ रुपया अपघात सहाय्यता निधीसाठी घेते. त्यातल्या मदतीसाठी विभागीय कार्यालयात वेगळा अर्ज करा. ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याची नोंद तिथे जोडा.

दादांच्या ऑफिसच्या मेडिक्लेमने बिल भरलं म्हणून ते आता मिळणार नाही, असं त्या माणसाने सांगितलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही असं म्हटलंय. मूळ बिलं मेडिक्लेमकडे गेली असतील तर त्यांच्या शिक्क्याच्या प्रती आणा.

तडजोडीला माझा विरोध नाही. लोकअदालतीत चांगले आकडे मिळालेले आहेत आणि पैसा लवकर हातात येतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून चौघांचे वेगळे हिशेब मांडून झाल्यावरच तिथे बसा.

वकील निवडताना, मिळालेल्या रकमेतला टक्का मागणारा टाळा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तशी फी ठरवता येत नाही. फी लेखी ठरवून घ्या आणि भरपाई थेट जखमींच्या खात्यात येईल याची खात्री करा. वहिनी, आई आणि पुतणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, स्त्रियांना आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अपघाताची नक्की तारीख तुम्ही लिहिलेली नाही. सहा महिने भरत आले असतील तर बाकी कागदांची वाट न बघता याच आठवड्यात अर्ज दाखल करा.