सही वेगळी, संमती वेगळी

अगं,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनचा, मी सकाळी सहाला वाचला आणि चहा तसाच गार झाला. मालेगावहून आलेली आई, अकरा वर्षांचा मुलगा, त्याला संशोधनात घ्यायच्या संमतीचा सव्वीस पानांचा फॉर्म आणि चार मिनिटांत सही. वर तुझे सर म्हणाले, चला, या महिन्याचं टार्गेट झालं. आणि तू मला विचारतेस की मॅडम चूक कुणाची आणि मी नोकरी सोडू का.

चूक कुणाची ते नंतर बघू. सही वेगळी आणि संमती वेगळी, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तू डायरीत लिहूनही घेतलं होतंस, मग त्या चार मिनिटांत तुझं तोंड का उघडलं नाही? रागावत नाहीये. म्हणजे रागावतेच आहे, पण थोडी स्वतःवरही.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मी वॉर्डात सोशल वर्कर आणि एका औषधाच्या ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवरच्या चाचणीसाठी, माणसं समजावून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. लालबागचे एक काका होते, गिरणी बंद पडलेली, घरात दोन मुली. सही येत नव्हती म्हणून अंगठा. शाईचा पॅड पुढे केला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, नाय म्हटलं तर खाट जाईल का?" मला जेवणाच्या सुट्टीआधी अजून पाच जण उरकायचे होते. मी म्हटलं, नाही हो काका, कशाला जाईल, द्या इथे अंगठा. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या मामांना हाक मारली, त्यांनी एक शब्द न ऐकता सही ठोकली. काकांनी अंगठा चादरीला पुसला. तो जांभळा डाग मला आजही दिसतो.

पुढे त्यांना ते औषध सोसेना, उलट्या व्हायच्या, तरी दर पंधरा दिवसांनी ओपीडीत हजर. मोठ्या मुलीनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा घाबरतात, मधेच सोडलं तर पुढे केस पेपर काढून देणार नाहीत. कधीही बाहेर पडता येतं, उपचार थांबत नाहीत, हे त्या फॉर्मच्या नवव्या पानावर स्वच्छ मराठीत छापलेलं होतं. मी ते वाचूनही दाखवलं होतं. पण त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा मी घड्याळाकडे बघत उत्तर दिलं आणि माणसाला घड्याळ बरोबर कळतं गं. कागदावर अंगठा होता, साक्षीदार होता, तारीख होती आणि संमती कुठेच नव्हती.

तू लिहिलंस की प्रत्येकाला दोन दोन तास दिले तर संशोधन होणार कसं. हे तुझ्या सरांचं वाक्य आहे, तुझं नाही. संशोधनाच्या विरोधात मी कधीच नव्हते. हे शहर तर त्यावरच जगलंय. प्लेगची साथ चालू असताना जानेवारी 1897 मध्ये हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं इथेच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवली आणि पहिली स्वतःला टोचून घेतली. लोक ही गोष्ट इथेच थांबवतात. पुढची चाचणी झाली भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी स्वतःहून पुढे आले त्यांच्यावर. आता मला सांग, कैद्यानं स्वतःहून पुढे येणं म्हणजे नक्की काय? आणि ज्या बाईचं पोर तुमच्या खाटेवर आहे, जी स्वतः परळच्या फूटपाथवर झोपते, ती किती मोकळी आहे?

दुसरं उदाहरण तर तुझ्या जन्माच्या आसपासचं. 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी व्हिनेगरच्या तपासणीची ट्रायल झाली. साधं व्हिनेगर, थोडं ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका, लॅब नको काही नको, आणि तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. निकाल वाचून मला रडू आलं होतं, इतकं ते काम मोठं आहे. पण उरलेल्या निम्म्या बायकांना सुरुवातीला फक्त माहिती दिली गेली, तपासणी नाही. त्यांना आपण कुठल्या निम्म्यात आहोत हे कळलं होतं का, पॅप टेस्ट नावाची याच कॅन्सरची दुसरी तपासणी जगात आहे हे कुणी सांगितलं होतं का, यावर पुढे जगभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. काम मोठं आहे म्हणून हा प्रश्न लहान होत नाही. आता 2023 मध्ये आपल्याच आयआयटी आणि टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी केलेल्या कार-टी थेरपीला, म्हणजे पेशंटच्याच पेशी बदलून कॅन्सरशी लढवायच्या उपचाराला, परवानगी मिळाली, मला अभिमान आहे, आणि त्या रांगेतल्या प्रत्येक आईबापाला कुणी नीट बसून सांगतंय का, ही काळजीही तेवढीच आहे.

नियम नाहीत असं नाही. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर कॅमेऱ्यासमोर संमती घेणं आलं, 2019 चे औषध चाचण्यांचे नवे नियम आले, संशोधन तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत निम्मे लोक संस्थेबाहेरचे हवेत हे आलं. मी स्वतः अशी रेकॉर्डिंग बघितली आहेत, पेशंट प्रत्येक वाक्याला मान हलवतो आणि नजर डॉक्टरकडे नाही, सलाइनच्या बाटलीकडे. कॅमेऱ्यातही सही वेगळी आणि संमती वेगळीच.

नोकरी सोडू का. नको. मी बावीस वर्षं टिकले आणि लोकांनी मला काय काय म्हटलं ते तुला माहीत नाही, सिस्टीमला सामील झाली म्हणाले. माझ्याबरोबरच्या दोघी तत्त्वासाठी सोडून गेल्या, महिन्याभरात त्यांच्या जागी अशी मुलं आली की ज्यांना काहीच प्रश्न पडत नव्हते. मी राहिले म्हणून फॉर्ममधलं "यादृच्छिक" जाऊन तिथे "चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसं" आलं, साक्षीदार वॉर्डाबाहेरचा झाला, फॉर्म हातात दिला की एक रात्र मधे गेल्याशिवाय सही घ्यायची नाही हे ठरलं. या तीन गोष्टींना आठ वर्षं लागली. कुणाला ते थोडं वाटत असेल तर वाटू दे, मला नाही वाटत.

आणि त्या पोराला कुणी विचारलं? सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचं हो-नाही घ्यायचं, हे नियमातच आहे. तू मेसेजमध्ये त्याच्याबद्दल फक्त वय लिहिलंयस.

उद्या राउंडच्या आधी जा. उभ्यानं बोलू नकोस, स्टूल ओढून बस, फॉर्म पिशवीतच ठेव. आईला म्हण, काय ठरलंय ते तुम्हीच मला सांगा, घरी सासूला सांगाल तसं. जिथे अडेल तिथून परत सुरू कर. खाटेचा विषय ती काढणार नाही, तूच काढ. आणि ती नाही म्हणाली तर सरांना मी फोन करीन, ते माझं मी बघते. रात्री मला कळव, अकरापर्यंत मी जागी असते.