डेंटल असिस्टंटचा कोर्स अमेरिकेत करताय?

प्रवेशाआधी एवढं बघा: कम्युनिटी कॉलेजच्या कोर्सला ‘कोडा’ची (दंतशिक्षणाचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे ना? असेल तर ‘डॅनब’ या परीक्षा मंडळाच्या सीडीए (सर्टिफाइड डेंटल असिस्टंट) परीक्षेसाठी ३,५०० तासांचा अनुभव जमवत बसावं लागत नाही. हेपटायटिस बीची लस आजच सुरू करा, नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने जातात.

सुरुवातीला सगळेच चुकतात ते इथे:

- दातांचे आकडे. इथे १ ते ३२, वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून. आपल्याकडचा ११ (वरचा उजवा, अगदी मधला दात) इथे ८! आणि उजवी म्हणजे पेशंटची उजवी. (मी महिनाभर गोंधळले.)
- ग्लोव्ह्ज घालून स्वतःचा मास्क सारखा करणं.
- सक्शन (लाळ-पाणी ओढणारी नळी) डॉक्टरांच्या आरशाच्या आड येईल अशी धरणं.

एक्स-रेचं नंतर बघू. घाबरू नका, हात बसतो.